मेनूची उजवी बाजू

बुशाने ब्रेडच्या एका स्लाइसला पीनट बटर लावलं, दुसरीलाही लावलं आणि द्राक्षांचा जॅम बरोबर मधोमध घातला. दोन्हीकडून असं लिंपलं की जॅम ब्रेडमध्ये मुरत नाही. टोलेडोतल्या शाळेच्या कँटीनमध्ये एकतीस वर्षं काढल्यावर हे हाताला सांगावं लागत नाही. सँडविच तिने कागदात गुंडाळलं, वर पेनाने तारीख घातली आणि फ्रीझरमध्ये आधीच्या तेरांवर ठेवून दिलं.

"चौदा झाली," ती म्हणाली. "सोळा तासांच्या रस्त्याला पुरतील. उरतील ती पार्कात."

"पार्कात नको, बुशा."

"का? आत नेऊ देत नाहीत?"

"नेऊ देतात," जोलीन म्हणाली.

"मग झालं तर."

बुशा म्हणजे पोलिश आजी. जोलीनची मुलगी टेसा बोलायला लागली तेव्हा तिने सासूबाईंना हे नाव दिलं आणि मग घरातला, गल्लीतला, चर्चमधला प्रत्येकजण त्यांना तशीच हाक मारू लागला. लोरेटा हे त्यांचं खरं नाव आता फक्त बँकेला आणि डॉक्टरला माहीत होतं.

जोलीन टेबलाच्या दुसऱ्या टोकाला कागद पसरून बसली होती. धाकटा ऑगी तिच्या मांडीवर होता आणि एका कागदाचा कोपरा चावत होता. कागद फ्लोरिडातल्या ज्या थीम पार्कला ते निघाले होते तिथल्या हॉटेलांच्या मेनूंचे होते, तिने दवाखान्याच्या प्रिंटरवर डॉक्टरांना विचारून काढलेले. खोलीचं बुकिंग जानेवारीतच झालं होतं. राहिलं होतं ते जेवणाचं. चार रात्रींचं जेवण आधीच विकत घेऊन ठेवायची सोय होती: माणशी रोज एक बसून जेवायचं जेवण, एक काउंटरवरून घ्यायचं आणि एक खाऊ, वर अख्ख्या मुक्कामात एक खास नाश्ता. मोठ्यांना दिवसाला चौऱ्याण्णव डॉलर, नऊ वर्षांपर्यंतच्या मुलांना तीस, तीनच्या आतलं मूल आईबापाच्या ताटातलं. घ्यायचं तर आज संध्याकाळी पाचपर्यंत, नंतर नाही.

दाताच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसून कोणाला विम्यात काय बसतं आणि काय नाही हे समजावणं हेच तिचं काम. वर्षअखेरीला विमा वाया जाऊ नये म्हणून चांगले दात घासून घ्यायला येणारी माणसं तिने बारा वर्षं दर डिसेंबरात पाहिली होती. आधी भरलेल्या पैशांपायी माणूस काय काय करतो हे तिला कोणी शिकवायला नको होतं.

जोलीनचा नवरा डेल गॅरेजमधून बर्फाची पेटी घेऊन आला. पेटीवर मागच्या वर्षीच्या मासेमारीचा वास होता.

"किती निघाले?" त्याने विचारलं.

"आपल्या चौघांचे अठ्ठावन्न वाचतात."

"मग घेऊन टाक."

"बुशा धरल्या तर एकशे बेचाळीस जातात."

"मग तिला धरू नकोस."

"एका खोलीतल्या सगळ्यांना घ्यावं लागतं."

"मी गाडीत झोपेन," बुशा सुरी पुसत म्हणाली.

ती गंमत करत होती की नाही हे कोणालाच कळलं नाही. डेलने पेटी खाली ठेवली.

"पण हिचेच एवढे कसे जातात?"

"सकाळी टोस्ट, दुपारी अर्धं सूप, रात्री उरलेलं अर्धं," जोलीन म्हणाली. "मी चव्वेचाळीस धरलेत दिवसाला. तेही ओढूनताणून."

"रोज चौऱ्याण्णव डॉलर माझ्या नावावर?" बुशाने पंधराव्या सँडविचला हात घातला. "मी काय घोडा आहे? एकतीस वर्षं मी चारशे पोरांना जेवू घातलंय. त्या पैशात मी अख्खी तिसरी जेवायला घातली असती, वर पुडिंग."

"ऐकलंस ना," डेल म्हणाला. "सँडविचं न्यायची, बाहेर दोघांत एक घ्यायचं. नेहमी करतो तसं."

तो पेटी धुवायला अंगणात गेला. जोलीनने पेन्सिल घेतली आणि बुशाच्या रकान्यावरून पुन्हा एकदा खाली उतरली. आकडा तोच आला. तिने तो पुसला नाही. पेन्सिलचं मागचं रबर मात्र ती बराच वेळ ओठांवर टेकवून बसली.

ऑक्टोबरात टेसा नऊ वर्षांची झाली, त्या दिवशी ते तिला बाहेर जेवायला घेऊन गेले होते. काय हवं ते माग, डेल म्हणाला होता. टेसाने मेनू उघडला, बोट उजवीकडच्या रकान्यावर ठेवलं आणि वरून खाली नेलं. सगळ्यात लहान आकड्यापाशी बोट थांबलं. मग ते आडवं सरकत डावीकडे गेलं, तिथे काय लिहिलंय ते बघायला. "ग्रिल्ड चीज," ती म्हणाली. "मला तेच आवडतं." डेलने कौतुकाने तिचे केस विस्कटले होते. समोर बुशा पर्समधून बिस्किट काढून आपल्या कॉफीत बुडवत होती. तिने तर मेनू उघडलाच नव्हता, मला भूक नाही म्हणाली होती. जोलीनने त्या दिवशी सासूकडे पाहिलं होतं ते बरं पाहिलं नव्हतं. पोरगी हिच्याकडूनच उचलतेय, असं तिच्या मनात आलं होतं आणि अजून ते तिथेच होतं.

आत्ता टेसा जिना उतरून खाली आली. तिच्या दोन्ही हातांवर निळ्या स्केचपेनचे डाग होते.

"पाणमांजराबरोबरचा नाश्ता त्याच्यात येतो?" तिने विचारलं. पाणमांजर म्हणजे पार्कातला सगळ्यांचा लाडका प्राणी, आत माणूस असलेला. टेसाला हे माहीत होतं आणि तरीही तिने त्याला द्यायला एक पत्र लिहून ठेवलं होतं.

"घेतलं तर येतो."

टेसा आईच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. तिने कागद वाचला. घाई केली नाही, प्रत्येक रकान्याखालची बेरीज बघितली.

"मग नको घेऊ," ती शांतपणे म्हणाली. "तोट्यात आहे. नाश्त्याच्या वेळी आपण बाहेरून बघू. काचेतून दिसतो तो, मी व्हिडिओ बघितलाय."

तिच्या आवाजात कुठेही रडं नव्हतं. दवाखान्यात एखादा म्हातारा दाताचा खर्च ऐकून घेतो आणि बरं, मग काढूनच टाका म्हणतो, तशी ती म्हणाली होती.

जोलीनने ऑगीला खाली ठेवलं. लॅपटॉप पुढे ओढला. ऑगी सोडून चार माणसं, चार रात्री. कार्डाचा नंबर तिला पाठ होता. डेल पेटी निथळवत आत आला तोवर झालं होतं.

"घेतलं," ती म्हणाली.

"तोटा असून?"

"बेरीज चुकली होती माझी. परत केली. साठ एक डॉलर वाचतायत."

तिने कागदांची घडी घालून ती पर्समध्ये टाकली. डेलला ते पुरलं. जोलीनची बेरीज चुकते हेच त्याला नवीन होतं. बुशाने मात्र सुरी बरणीत तशीच उभी ठेवून सुनेकडे पाहिलं, मग फ्रीझरकडे.

"म्हणजे हे सगळं रस्त्यातच संपवायचं," ती म्हणाली.

रस्त्यात ते सगळं संपलं. शेवटचं सँडविच जॉर्जियातल्या एका पेट्रोलपंपावर डेलने खाल्लं आणि पुढची दोन वर्षं पीनट बटर दाखवू नका म्हणाला.

पहिल्या संध्याकाळी तळ्याकाठच्या हॉटेलात बसल्यावर जोलीनने मुद्दाम मेनू स्वतः न उघडता समोर पाहिलं. आता पैशांचा प्रश्न नव्हता. काय हवं ते घ्या, सगळं आधीच दिलंय, तिने सगळ्यांना दोनदा सांगितलं होतं. बुशाने चष्मा लावला. बोट उजव्या रकान्यावर ठेवलं आणि खालून वर नेलं. सगळ्यात मोठ्या आकड्यापाशी ते थांबलं.

"खेकड्याच्या पायांचं ताट," बुशा म्हणाली.

"तुम्हाला आवडतं ते?"

"अजून खाल्लंय कुठे."

टेसाने मुलांच्या मेनूवर बोट ठेवलं. उजवीकडे, खालून वर. "मला छोटा स्टेक," ती म्हणाली.

जोलीनने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला.

पुढचे दोन दिवस असेच गेले. बुशाने भाजलेलं बदक खाल्लं, कोकराच्या फासळ्या खाल्ल्या. खाऊ म्हणून साधा पॉपकॉर्न तिने नाकारला आणि दुकानाच्या काचेतलं सगळ्यात महाग, कॅरॅमल लावलेलं अख्खं सफरचंद घेतलं, जे तिच्या कवळीला चावत नव्हतं. ते तिने खोलीत नेऊन सुरीने चिरलं आणि सगळ्यांना एकेक फोड दिली. जेवून उठताना ती खुर्चीची पाठ धरून थोडी थांबायची. मग पर्समधून पित्ताची गोळी काढून चघळत चालायची.

"मा, तू तर शिकार करायला लागलीस," डेल म्हणाला.

"पैसे भरलेत ना?"

"भरलेत."

"मग बोलू नको."

पाणमांजराच्या नाश्त्याला दारातल्या मुलीने ऑगीसमोर वाकून विचारलं, तू केवढा आहेस रे. ऑगी महिनाभर वाढदिवसाची तयारी करत होता. त्याने अंगठा आणि करंगळी दाबून तीन बोटं वर केली. बुशाने छातीवर क्रूस काढला.

"पुढच्या गुरुवारी," जोलीन म्हणाली आणि पर्समधून जन्माचा दाखला काढला. प्लास्टिकमध्ये घालून आणला होता.

मुलगी हसायला लागली. "दाखला आणणाऱ्या तुम्ही पहिल्याच. सगळे उलट सांगतात. परवा एकाने मिशी फुटलेला मुलगा नऊचा म्हणून आणला होता."

पाणमांजराने टेसाचं पत्र घेतलं आणि आपल्या केसाळ छातीशी धरलं. हे सगळं कितीला पडलं, ते त्या नाश्त्यापुरतं जोलीनच्या डोक्यात आलं नाही. टेसाच्या पुढ्यातल्या ताटात वॅफलचा ढीग होता, स्ट्रॉबेरीचा रस टेबलावर ओघळत होता, आणि डेल फोटो काढताना प्रत्येक वेळी स्वतःचं बोट मध्ये आणत होता. मग सगळी तळ्याकाठी बसली. ऊन मऊ होतं. बुशाने बूट काढून पाय गवतात ठेवले. ऑगी तिच्या मांडीवर झोपला.

"बरं वाटतंय का तुम्हाला?" जोलीनने विचारलं.

"पोट सोडून सगळं बरं आहे."

"मग एवढं खाता कशाला, बुशा?"

बुशाने झोपलेल्या ऑगीच्या मानेखालचा घाम आपल्या बाहीने टिपला.

चौथ्या संध्याकाळी शेवटचं जेवण होतं. जागा मिळायला वेळ होता म्हणून सगळी बाहेरच्या बाकावर बसली होती. ऑगीचं नाक वाहत होतं.

"माझ्या पर्समधून रुमाल काढ गं," बुशा म्हणाली. तिचे दोन्ही हात ऑगीने अडवले होते.

जोलीनने पर्स उघडली. आत केचपच्या पुड्या, हॉटेलचे चार साबण, गोळ्यांची रिकामी पट्टी. रुमालांखाली चर्चचं रविवारचं पत्रक होतं, मागच्या कोऱ्या बाजूने घडी घातलेलं. त्यावर कँटीनच्या वहीत असावेत तसे ठळक, उभे आकडे होते. सगळ्यात वर एकशे बेचाळीस. त्याखाली बत्तीस, एक रेघ, एकशे दहा. सदतीस, रेघ, त्र्याहत्तर. पस्तीस, रेघ, अडतीस. बत्तिसापुढे लिहिलं होतं खेकडा. सदतिसापुढे बदक. पस्तिसापुढे फासळ्या, आणि कंसात, पुन्हा कधी नाही.

जोलीनने रुमाल काढून दिला. पत्रक हातातच राहिलं.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"बेरीज येते मला." बुशाने ऑगीचं नाक पुसलं. "आणि तुझी चुकत नाही, हेही माहीत आहे."

"मग तेव्हाच बोलायचं होतं."

"पोरगी तिथे उभी होती. तू घेतलंस ते बरंच केलंस." तिने रुमालाची घडी केली. "पण माझ्या रकान्यापायी तुझं नुकसान कशाला? आज फक्त अडतीस राहिलेत. इथला मोठा स्टेक बावन्नचा आहे, मी बाहेरच्या पाटीवर बघून घेतलंय. एरवी मी चौदाचं सूप घेतलं असतं. म्हणजे बरोबर शून्य."

ती हे सांगताना समाधानाने मान हलवत होती. मग तिने रिकाम्या पट्टीकडे पाहिलं.

"गोळ्या संपल्या तेवढं वाईट झालं," ती म्हणाली.

टेसा बाकाच्या टोकाला पाय हलवत बसली होती. ती हललीही नव्हती, पण तिचे पाय थांबले होते.

आत त्यांना खिडकीजवळचं गोल टेबल मिळालं. मेनू मोठे होते, चामड्यासारख्या पुठ्ठ्यात बांधलेले. बुशाने चष्मा लावला, आपला मेनू उघडला आणि बोट उजवीकडे नेलं. ते पोचायच्या आधी तिथे टेसाचा हात आला. तिने पंजा पसरून सगळा उजवा रकाना झाकला. निळ्या शाईचे डाग चार दिवसांच्या पोहण्यानेही गेले नव्हते.

"हे काय?"

"आता सांग," टेसा म्हणाली. "तुला काय खावंसं वाटतंय?"

"स्टेक."

"खरं सांग, बुशा."

"अगं, हात काढ. वेटर बघतोय."

"बघू दे."

बुशाने डेलकडे पाहिलं. डेलला यातलं काहीच माहीत नव्हतं, तो ऑगीला खुर्चीला बांधत होता. मग ती मेनूच्या उरलेल्या अर्ध्या पानाकडे पाहत राहिली, ओळ ओळ, शाळेत पहिल्यांदा वाचायला बसवल्यासारखी. वेटर तरुण होता आणि त्याने एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला.

"बटाट्याचं सूप," बुशा शेवटी म्हणाली. "आणि त्याच्याबरोबर पाव गरम असला तर बरं."

"सूपच का?" वेटर म्हणाला. "म्हणजे, तुमच्या प्लॅनमध्ये काहीही बसतं. स्टेकसुद्धा. तेवढ्याच जेवणात."

"ठाऊक आहे," बुशा म्हणाली. "मला बटाट्याचं सूप आवडतं."

तिने जोलीनकडे पाहिलं, जरा अपराधी चेहऱ्याने. जोलीनने टेबलाखाली पत्रकाची आणखी एक घडी घातली आणि ते आपल्या पर्समध्ये ठेवून दिलं.

टेसाने स्वतःसाठी मुलांचा मेनू डाव्या बाजूने वाचला आणि ग्रिल्ड चीज सांगितलं.

"परत?" डेल म्हणाला.

"मी सांगितलं होतं ना, मला ते आवडतं म्हणून. फक्त तेव्हा बघायचं होतं, परवडतं का ते." ती खांदे उडवून म्हणाली. "मम्मी बघते तसं."

डेलने मासा सांगितला. वेटर जोलीनकडे वळला.

"आणि तुम्हाला, मॅम?"

जोलीनने मेनू उघडला. सवयीने तिचे डोळे पानाच्या कडेला गेले, आणि ते तिथे गेलेत हे तिला आयुष्यात पहिल्यांदा समजलं. कारण टेबलावरून वाकून, पाण्याचा ग्लास कोपराने थोडा सरकवत, निळ्या डागांचा छोटा पंजा तिच्याही मेनूवर येऊन बसला होता.

राहिलं ते डावीकडचं पान. मासे होते, भाज्या होत्या, बदक होतं, कशाकशाचे सॉस होते. तिने वरून खाली वाचलं आणि पुन्हा वरून सुरुवात केली.

"थांबू का जरा?" वेटरने विचारलं.

"थांबा," टेसा म्हणाली. "तिला वेळ लागेल."

बुशाने पावाची टोपली आपल्याकडे ओढली, आतलं कापड उचलून पाव गरम असल्याची बोटाने खात्री केली आणि टोपली सुनेपुढे सरकवली.